नेट जोरात, तरी टीव्ही का अडखळतो?

मोबाइल हातात घेऊन राउटरशेजारी उभे राहिले की स्पीड टेस्टचा आकडा शंभराच्या पुढे जातो, आणि त्याच घरात, त्याच वेळी, टीव्हीवरचे चित्र आधी धुरकट होते, मग थबकते आणि शेवटी पडद्याच्या मधोमध ते गोल चक्र फिरू लागते. ज्याच्यावर ही वेळ येते तो बहुधा पहिला फोन इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला करतो आणि पलीकडून बहुधा एकच सल्ला मिळतो, की मोठा प्लॅन घ्या. मीही तो एकदा मानला होता. वेग दुप्पट झाला, बिल वाढले आणि चक्र पूर्वीच्याच निष्ठेने फिरत राहिले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. अडचण बाहेरून घरात येणाऱ्या तारेत नव्हतीच. इंटरनेटवरचे चित्र टीव्हीवर दाखवणारा जो बॉक्स मीच चिकटपट्टी लावून टीव्हीच्या पाठीला हौसेने चिकटवला होता, त्याच्या जागेत ती होती.

टीव्हीची खरी गरज लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. नेटफ्लिक्स फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग असावा असे सांगते. यूट्यूब ४के साठी २० सांगते. म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन असलेल्या घरात तीन-चार टीव्हींवर एकाच वेळी ४के चित्र चालायला हरकत नाही. (एमबीपीएसमधला ‘एमबी’ हा मेगाबिट आहे, फाइलचा आकार मोजणारा मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. ‘कंपनी सांगते त्याच्या आठव्या हिश्श्याचाच वेग मिळतो’ या तक्रारीचा उगम अनेकदा इथेच असतो.) आडात पाणी भरपूर असताना पोहरा रिकामा वर येत असेल, तर पोहऱ्याला भोक कुठे आहे ते आधी शोधावे.

त्यासाठी चित्र टीव्हीपर्यंत कसे पोहोचते हे समजून घ्यायला हवे, कारण ते समजले की अडखळण्याची तऱ्हा पाहूनच दोषाचा अंदाज येऊ लागतो. चित्रपट एका सलग धारेने येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रती सर्व्हरवर तयार असतात. बॉक्समधले ॲप पुढचे तुकडे आधीच मागवून साठवून ठेवते. या साठ्यालाच बफर म्हणतात. प्रत्येक तुकडा उतरायला किती वेळ लागला हे ॲप मोजत राहते आणि तो वेळ वाढू लागला की पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवते. त्यामुळे चित्र धुरकट होणे हा बिघाड नसून साठा संपू नये म्हणून ॲपने केलेली काटकसर असते, आणि काटकसर करूनही साठा शून्यावर आला की मग चक्र फिरते. चित्र कायम धुरकट पण अखंड चालत असेल, तर बॉक्सपर्यंत पोहोचणारा वेग मुळातच कमी आहे असे समजावे. चित्र एरवी स्वच्छ असून मध्येच थांबत असेल, तर वेग पुरेसा आहे पण प्रवाह मधूनमधून तुटतो आहे. सामन्याच्या थेट प्रक्षेपणात हा दोष अधिक जाणवतो, कारण पुढचे तुकडे अजून जन्मालाच आलेले नसतात आणि साठा करायला वाव फारसा उरत नाही.

हे डोळ्यांनी पाहताही येते. यूट्यूबच्या टीव्हीवरील ॲपमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंग्जमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ असा एक पर्याय मिळतो. तो सुरू केला की पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांची एक चौकट उघडते, आणि तिच्यातला ‘बफर हेल्थ’ हा आकडा साठा किती सेकंदांचा आहे ते सांगतो. माझ्या टीव्हीवर तो पाहिला तेव्हा ३४, ३३, ३२ असा सेकंदागणिक एकेकाने उतरत होता, म्हणजे त्या काळात नवीन काहीही येत नव्हते. १२ पर्यंत घसरल्यावर त्याने एकदम २० वर उडी घेतली आणि पुन्हा उतरण सुरू झाली. मंद पण सतत चालणारी जोडणी अशी वागत नाही. हे वागणे रेडिओ लहरी मध्येच हरवणाऱ्या वायफायचे होते.

इंटरनेटचा प्रवास दोन टप्प्यांत होतो, बाहेरून राउटरपर्यंत आणि राउटरपासून बॉक्सपर्यंत, आणि हे दोन्ही टप्पे वेगवेगळे मोजल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नये. पहिल्या टप्प्यासाठी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करावी. दुसऱ्यासाठी ती टीव्हीच्या बॉक्सवरच करावी. अनेक बॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये अशी चाचणी असते, नसल्यास त्यासाठीचे ॲप टाकता येते किंवा ब्राउझर उघडता येतो. तेही शक्य नसेल तर फोन घेऊन टीव्हीसमोर न बसता तो टीव्हीच्या मागे, जिथे बॉक्स आहे नेमक्या तिथेच धरून मोजावे. मी सोफ्यावर बसून मोजत होतो आणि आकडा उत्तम येतो म्हणून कंपनीला दोष देत होतो; सोफा आणि टीव्हीची मागची बाजू यांत अंतर दहा फुटांचे असले तरी रेडिओच्या दृष्टीने ती दोन वेगळी घरे असू शकतात.

वेगाबरोबरच सिग्नलची ताकद पाहता आली तर निदान अधिक पक्के होते. पडद्यावर वायफायच्या खुणेत दिसणाऱ्या तीन-चार कमानींवर विसंबू नये, कारण त्या कोणत्या हिशेबाने भरायच्या हे प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो. फोनवरची वायफाय तपासणारी ॲप्स ही ताकद डीबीएम या एककात दाखवतात. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओसाठी ठीक, उणे ७५ च्या खाली रडकथा सुरू, असे ढोबळमानाने म्हणता येईल. हे मोजमाप साध्या बेरजेचे नाही, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते: तीनने घट झाली की ताकद निम्मी होते आणि दहाने घट झाली की एक दशांश. उणे ६० वरून उणे ७० वर येणे कागदावर किरकोळ दिसते, प्रत्यक्षात नव्वद टक्के ताकद गेलेली असते. म्हणूनच बॉक्स एखादी वीत सरकवल्याने जो फरक पडतो तो पाहून चकित व्हायला होते.

आता त्या टीव्हीच्या पाठीमागच्या जागेविषयी. माझ्या मते बहुतेक घरांतला खरा गुन्हेगार तीच आहे. सपाट टीव्हीच्या पॅनेलमागे सहसा धातूचा मोठा पत्रा असतो आणि धातू रेडिओ लहरींना आरशासारखा परतवून लावतो. राउटर टीव्हीच्या समोरच्या बाजूला असेल, तर मागे चिकटवलेला बॉक्स किंवा एचडीएमआय पोर्टात खोचलेली, बॉक्सचेच काम करणारी छोटी स्टिक या पत्र्याच्या सावलीत येते. तिथपर्यंत पोहोचतात त्या भिंतीवर आपटून, वळसा घेऊन आलेल्या दमलेल्या लहरी. त्यात स्टिकचा अँटेना बोटाएवढ्या जागेत बसवलेला, आणि तो पोर्ट व तारांच्या गर्दीत. ही विद्युत गर्दी निरुपद्रवी नसते. यूएसबी ३.० ची उपकरणे आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात आणि जवळच्या वायरलेस उपकरणांना त्याचा त्रास होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणात दाखवून दिले होते. टीव्हीला किंवा बॉक्सला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती जरा दूर ठेवून पाहावे.

उपाय अगदी साधा आहे. अनेक स्टिकच्या खोक्यात एचडीएमआयची एक आखूड जोडतार येते, जी बहुतेक लोक ‘लागली तर बघू’ म्हणून खणात टाकून देतात. ती केवळ अडचणीच्या जागेतल्या पोर्टासाठी नसते. स्टिक टीव्हीच्या पत्र्यापासून काही इंच दूर आली की तिचे ग्रहणही सुधारते. बॉक्स असेल तर तो लांब एचडीएमआय केबलने टीव्हीच्या कडेला, शक्यतो राउटरच्या बाजूला, उघड्यावर आणावा. माझा बॉक्स मी चिकटपट्टी खरवडून काढला आणि टीव्हीच्या डाव्या कडेपासून दीड हातावर फळीवर ठेवला. फोनने मोजलेला आकडा जुन्या जागी उणे ७६ होता, नव्या जागी उणे ६१ झाला. दिसायला ते पूर्वीइतके सुबक नाही, एवढेच. जाता जाता स्टिकच्या विजेचेही बघून घ्यावे. ती टीव्हीच्या यूएसबी पोर्टावर चालवली तर कधीकधी पुरेशी वीज मिळत नाही, स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि दोष नेटवर येतो. तिच्यासोबत आलेला ॲडॉप्टरच वापरावा.

राउटरच्या जागेचे नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतात, पाळले मात्र जात नाहीत. तो उंचावर, उघड्यावर आणि घराच्या शक्य तितक्या मध्यावर असावा. कपाटात, धातूच्या पेटीत, फ्रिजवर किंवा टीव्हीच्याच मागे नसावा. विटांच्या भिंतीपेक्षा लोखंडी सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत अधिक सिग्नल खाते. मोठा आरसा आणि माशांची पेटी हेही मोठे अडथळे आहेत, कारण आरशामागे धातूचा थर असतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. भिंत लहरींना सरळ ओलांडावी लागते की तिरकी, यानेही फरक पडतो, कारण तिरकस जाणाऱ्या लहरीला तीच भिंत कितीतरी जाड लागते. त्यामुळे राउटर त्याच भिंतीवर दोन हात सरकवला आणि टीव्हीपर्यंतची वाट भिंतीतून तिरकी जाण्याऐवजी दारातून जाऊ लागली, की एका दमात काम होते. राउटरच्या बाहेरच्या काड्या, म्हणजे अँटेना, टीव्हीच्या दिशेने रोखू नयेत. काडीच्या टोकाच्या दिशेने प्रसारण सर्वांत कमी आणि तिच्या भोवताली सर्वांत जास्त होते, म्हणून टीव्ही त्याच मजल्यावर असेल तर काडी उभी ठेवणे योग्य.

यानंतर प्रश्न येतो वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांचा. आजचे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात, काही नवे ६ वरही. (५ गिगाहर्ट्झचा मोबाइलच्या ‘फाइव्ह जी’शी काही संबंध नाही; तिथला ‘जी’ पिढीचा आहे.) २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते, ती भिंती ओलांडण्यात चिवट असते. ५ ची त्याच्या निम्म्याहून थोडी आखूड, भिंतीपुढे लवकर हार मानणारी, पण तिच्या पट्ट्यात जागा प्रशस्त आणि गर्दी कमी. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल (टीव्हीचे नव्हेत, पट्ट्याचे छोटे भाग) अकरा-तेरा दिसत असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात, आणि एकमेकांना न शिवणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच उरतात. आसपासची सगळी घरे, ब्लूटूथ, वायरलेस माउस आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सारे याच अरुंद बोळात येतात. मायक्रोवेव्ह सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या दारातून झिरपणारी किंचित शक्तीही वायफायच्या मानाने दांडगी असते. जेवण गरम करायच्या वेळीच टीव्ही अडखळत असेल, तर पुढचे संशोधन करायची गरज नाही.

म्हणून राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत किंवा एका भिंतीच्या अंतरावर असतील तर बॉक्स ५ गिगाहर्ट्झवरच ठेवावा. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन निवड उपकरणावर सोपवत असेल आणि बॉक्स हट्टाने २.४ वरच जात असेल, तर राउटरच्या सेटिंग्जमध्ये दोन्हींना वेगळी नावे द्यावीत आणि बॉक्सला ५ चे नाव सांगून २.४ चे विसरायला लावावे. इथे एक खाच आहे, आणि तिच्यापायी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. ५ गिगाहर्ट्झमधले काही चॅनेल हवामानाच्या आणि इतर रडारशी वाटून घेतलेले असतात. त्यांवर प्रसारण सुरू करण्याआधी राउटरला निदान एक मिनिट कान देऊन ऐकावे लागते आणि रडारची चाहूल लागताच जागा सोडून जावे लागते. टीव्हीचे काही बॉक्स या चॅनेलच्या वाटेलाच जात नाहीत. राउटरने आपणहून असा चॅनेल निवडला की फोनवर नेटवर्क दिसते आणि बॉक्सच्या यादीत ते नसतेच, मग माणूस बॉक्स बिघडला असे समजतो. राउटरमध्ये ५ चा चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ यांपैकी एकावर बांधून टाकला की हा लपंडाव संपतो.

एक जुनी सेटिंगही तपासावी. वायफायच्या सुरक्षेच्या जागी ‘टीकेआयपी’ किंवा ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत निवडलेली असेल, तर नवा राउटरही ५४ एमबीपीएसच्या जुन्या काळात परत जातो आणि प्रत्यक्ष हाती त्याच्या निम्माही वेग लागत नाही. ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’, किंवा बॉक्स पेलू शकत असेल तर ‘डब्ल्यूपीए३’ निवडावे.

सिग्नल चांगला असूनही संध्याकाळी घरातली सगळी मंडळी जमली की टीव्ही अडखळतो, हे दुखणे वेगळे. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, त्यामुळे घरातली खरी टंचाई वेगाची नसून हवेतल्या वेळेची असते. लांबच्या खोलीतला, क्षीण सिग्नलवर कण्हत चालणारा एखादा जुना फोन थोडीशी माहिती पाठवायला खूप वेळ घेतो आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे ताटकळतात. दुसरे कारण वर पाठवण्याच्या दिशेचे आहे. कुणाचा फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागला की राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या माहितीची लांब रांग लागते, आणि टीव्हीने पुढचा तुकडा मागणारी इवलीशी चिठ्ठीही त्याच रांगेच्या शेवटी उभी राहते. उतरणीचा रस्ता मोकळा असून मागणीच पोहोचत नाही. या दुखण्याला २०१० च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ हे नाव दिले, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवण्याची ‘कोडेल’ ही रीत मांडली. ज्या राउटरमध्ये अशी रांग आटोक्यात ठेवणारा ‘एसक्यूएम’ हा पर्याय आहे तिथे तो सुरू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवली, की रांग लागत नाही. तो पर्याय नसेल तर फोटो चढवण्याचे काम रात्री उशिरावर टाकणे हा गावठी पण खात्रीचा इलाज आहे.

आणि तरीही, इतके सगळे करण्याआधी, केबल टाकता येते का हे पाहावे. टीव्ही जागचा हलत नाही. जे उपकरण कधीच हलत नाही त्याला हवेतून माहिती पोहोचवण्याचा आटापिटा कशासाठी, हे मला अजून उमगलेले नाही. कॅट ५ई प्रकारची साधी इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग वाहून नेते आणि तिला भिंत, मायक्रोवेव्ह किंवा शेजारचा राउटर यांचे सोयरसुतक नसते. अनेक टीव्हींचा स्वतःचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो म्हणून काही जण नाक मुरडतात, पण ४के ला १५-२० लागतात हे आठवले की तो आक्षेप उरत नाही. स्टिकला पोर्ट नसला तरी पुष्कळांसाठी वेगळा इथरनेट ॲडॉप्टर मिळतो. भिंत फोडायची नसेल तर चपटी केबल दाराच्या चौकटीच्या कडेने किंवा भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीमागून नेता येते. फक्त तिला काटकोनात दुमडू नये आणि ती दारात चिरडणार नाही असे पाहावे. केबलच्या आत आठ तारांच्या चार जोड्या असतात, आणि त्यांतली एखादी तुटली की कधीकधी जोडणी बंद न पडता मुकाट्याने खालच्या वेगावर उतरते.

केबल अशक्य असेल तेव्हाच पुढच्या वस्तूंकडे वळावे. वायफाय रिपीटर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकीच्या जागी लावला जाणारा. लोक तो टीव्हीशेजारी लावतात, जिथे मुळात सिग्नल पोहोचतच नाही, आणि मग रिपीटर तो दुबळा सिग्नलच मोठ्या आवाजात पुन्हा सांगतो. त्याची जागा राउटर आणि टीव्ही यांच्या साधारण मध्यावर असते. शिवाय एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुढे सांगणाऱ्या रिपीटरचा वेग सुमारे निम्मा होतो. रिपीटरला इथरनेट पोर्ट असेल तर बॉक्स केबलने त्यालाच जोडावा, म्हणजे हवेतला एक टप्पा वाचतो. मेश संचात, म्हणजे घरभर ठेवलेल्या अनेक केंद्रांचे मिळून एकच वायफाय करणाऱ्या संचात, केंद्रे आपापसात बोलायला वेगळा रेडिओ वापरत असतील, किंवा केबलने जोडलेली असतील, तर तो बराच सरस. विजेच्या तारांतून माहिती नेणारे पॉवरलाइन ॲडॉप्टर काही घरांत अप्रतिम चालतात आणि काही घरांत मुळीच नाही; ते थेट भिंतीच्या सॉकेटात लावावेत, स्पाइक गार्ड असलेल्या एक्स्टेंशनवर लावू नयेत, आणि खोक्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात मिळेल ही आशा ठेवू नये. घरात टीव्हीची जुनी कोॲक्सियल केबल खोल्याखोल्यांत गेलेली असेल तर ‘मोका’ ॲडॉप्टर लावून तीच इथरनेटसारखी वापरता येते, आणि हा पर्याय पॉवरलाइनपेक्षा सहसा बराच भरवशाचा असतो.

डीएनएस बदलून चित्र सुधारेल असे सांगणारे पुष्कळ भेटतात. डीएनएस फक्त सर्व्हरचा पत्ता शोधून देतो. एकदा तुकडे येऊ लागल्यावर त्यांच्या वेगाशी त्याचा संबंध सहसा उरत नाही. त्यापेक्षा बॉक्सला हात लावून तो तापला आहे का ते पाहावे, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःला संथ करून घेतो, आणि साठवणुकीची जागा भरत आली असेल तर न वापरलेली ॲप्स काढून टाकावीत.

एका वेळी एकच बदल करावा आणि दर बदलानंतर मोजावे, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. मी तारीख, वेळ, बॉक्सची जागा, डीबीएम आणि वेग असे पाच रकाने आखलेला एक कागद टीव्हीखालच्या खणात ठेवतो. केबलने थेट राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवरच वेग कमी येत असेल, पहाटे ठीक आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास निम्म्यावर येत असेल, तर दोष खरोखर घराबाहेरच्या टप्प्यात आहे. अशा वेळी कंपनीला फोन करताना चार-पाच दिवसांच्या या नोंदी समोर ठेवाव्यात आणि मोजणी केबलवर केली होती हे पहिल्याच वाक्यात सांगावे. राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले जाईलच, पण ‘तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे’ असे म्हणून फोन ठेवता येणार नाही.